ओसुमींचा सर्वाधिक सायटेशनचा पेपर नोबेलच्या यादीत का नाही? (पेशीशास्त्र आणि सायटेशनचे आकडे)

पेशीजाल

योशिनोरी ओसुमी यांच्यावर मराठीत एक सविस्तर लेख तयार होतोय. त्यातलं 'संशोधनाचा प्रभाव' हे प्रकरण अडलंय, म्हणून हा धागा.

२०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ओसुमींना एकट्यांना मिळालं. पेशी स्वतःचेच जुने, निकामी भाग गुंडाळून पचवते, त्या ऑटोफॅजीच्या यंत्रणेबद्दल. नोबेलच्या प्रसिद्धिपत्रकात चार मुख्य पेपर दिले होते: १९९२ चा जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीतला, १९९३ चा फेब्स लेटर्समधला, आणि नेचरमधले १९९८ व २००० चे. पण ओसुमींचे पेपर सायटेशनच्या (दुसऱ्या पेपरांनी किती वेळा संदर्भ दिला त्या संख्येच्या) उतरत्या क्रमानं लावले की संशोधन-पेपरांत वरच्या टोकाला येतो तो २००० सालचा एम्बो जर्नलमधला, एलसी३ या प्रथिनावरचा. तो नोबेलच्या यादीत नाही.

प्रश्न दोन. ही तफावत का? आणि लेखात सायटेशनचे आकडे द्यायचे तर कुठून घ्यायचे, म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल होणार नाही?

---

किण्व

तफावतीचं उत्तर त्यांच्या कारकिर्दीच्या क्रमातच आहे, म्हणून आधी तो नीट मांडू.

जन्म १९४५, फुकुओका. टोकियो विद्यापीठातून १९७४ मध्ये डॉक्टरेट. मग न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेराल्ड एडेलमन यांच्या लॅबमध्ये पोस्टडॉक. तिथे सुरुवातीला उंदरांच्या अंड्यांवर काम, नंतर यीस्टमधल्या डीएनएच्या प्रतिनिर्मितीवर. १९७७ ला टोकियोत परत, आनराकू यांच्या लॅबमध्ये. तिथे यीस्टच्या रिक्तिकेच्या (पेशीतल्या द्रव भरलेल्या मोठ्या पिशवीच्या) पटलातून अमिनो आम्लं आणि आयन कसे आत-बाहेर होतात हा विषय. स्वतःची लॅब मिळाली १९८८ ला, वयाच्या ४३ व्या वर्षी. १९९६ पासून ओकाझाकीची मूलभूत जीवशास्त्र संस्था, २००९ पासून टोकियो तंत्रज्ञान संस्था (२०२४ च्या विलीनीकरणानंतर तिचं नाव इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स टोकियो).

रिक्तिका तेव्हा बहुतेकांच्या लेखी पेशीची कचराकुंडी होती, त्यामुळे तिथे गर्दी नव्हती. ओसुमींनी प्रश्न बदलला. पटलातून काय जातं हे बरंच झालं, आता आत पचतं काय आणि ते आत येतं कसं?

प्रयोग असा. रिक्तिकेतली प्रथिनं तोडणारी विकरं नसलेला यीस्टचा वाण घ्यायचा आणि त्याला नत्राशिवाय उपाशी ठेवायचं. आत येणारी वस्तू पचणारच नाही, मग ती साठेल आणि दिसेल. आणि दिसली. ३० ते ४० मिनिटांत रिक्तिकेत बारीक गोल कण दिसू लागतात, पुढे सुमारे १० तास त्यांची संख्या वाढत जाते. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ रिक्तिकेत हे कण सतत थरथरत, इकडून तिकडे उसळत असतात, कारण आतला द्रव पातळ आहे आणि कणांना कशाचाच आधार नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात व्यास ४०० ते ९०० नॅनोमीटर, भोवती पटल, आत रायबोसोम आणि कधी कधी अख्खी तंतुकणिका. हाच १९९२ चा पेपर.

१९९३ चा पेपर त्याच दृश्यावर उभा आहे. यीस्टमध्ये रसायनानं उत्परिवर्तनं घडवायची, उपाशी ठेवायचं आणि ज्या पेशीत हे कण साठतच नाहीत ती निवडायची. पहिला म्युटंट (उत्परिवर्तित वाण) असाच, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बघून सापडला. मग लक्षात आलं की हा म्युटंट उपासमारीत लवकर मरतो. म्हणजे आधी मरणाऱ्या वसाहती रंगावरून वेगळ्या काढायच्या (फ्लॉक्झिन बी हा रंग मेलेल्या पेशींना गुलाबी-लाल करतो) आणि तेवढ्याच सूक्ष्मदर्शकाखाली न्यायच्या. या दोन गाळण्यांतून १५ जनुकं निघाली. ऑटोफॅजीच्या गाभ्याची बहुतेक जनुकं त्या एका छोट्या पेपरात आहेत.

---

सांख्यिक

एवढं महत्त्वाचं होतं तर १९९३ नंतर लगेच सायटेशनचा पाऊस का पडला नाही?

---

किण्व

साईट करायला माणसंच नव्हती. सायटेशन मिळायला त्याच विषयावर लिहिणारे दुसरे लागतात, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ऑटोफॅजीवर वर्षाकाठी निघणारे पेपर अगदी मोजके होते. आज पबमेडवर हा शब्द घातला तर एकेका वर्षाचे १०,००० च्या वर पेपर येतात.

दुसरं कारण खुद्द जनुकांत आहे. त्यांचे क्रम वाचले तेव्हा बहुतेक प्रथिनं कशाशीच जुळेनात. एपीजी१ (ओसुमींच्या या जनुकांना एपीजी असे क्रमांक होते) हे कायनेज, म्हणजे फॉस्फेट जोडणारं विकर, आहे एवढं कळलं, बाकीची काय करतात याचा क्रमावरून पत्ताच लागेना. ती कोंडी १९९८ ला फुटली. एपीजी१२ हे प्रथिन एपीजी५ ला कायमचं जोडलं जातं, आणि जोडणीची पद्धत युबिक्विटिन या, दुसऱ्या प्रथिनांना जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रथिनासारखी. २००० ला त्याहून अनपेक्षित गोष्ट: एपीजी८ प्रथिनाला न जोडता थेट पटलातल्या फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन या मेदाला जोडलं जातं. नोबेलच्या यादीतले नेचरचे दोन पेपर ते हेच.

म्हणजे पंधरा जनुकं हातात आल्यापासून ती काय करतात हे कळू लागेपर्यंत पाच वर्षं गेली. दोन वर्षांच्या खिडकीतून या पेपरचं मोल मोजलं असतं तर हाती फारसं काही लागलं नसतं.

---

जेल_लेन

एम्बो जर्नलच्या पेपरबद्दल. तो इतका साईट का होतो हे कळायला वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडानं दाखवणारी चाचणी) समोर हवा.

एलसी३ हे यीस्टच्या एपीजी८ चं सस्तन प्राण्यांमधलं भावंड. प्रथिन आधीपासून माहीत होतं, पण मेंदूतल्या सूक्ष्मनलिकांशी जोडलेली एक हलकी साखळी म्हणून. २००० च्या पेपरनं दाखवलं की त्याची दोन रूपं असतात. एलसी३-१ पेशीद्रवात मोकळं, जेलवर सुमारे १८ किलोडाल्टनला. एलसी३-२ ऑटोफॅगोसोमच्या (पचवायचा भाग गुंडाळणाऱ्या पिशवीच्या) पटलाला चिकटलेलं, सुमारे १६ ला. दुसऱ्याला मेद जोडलेला असल्यानं ते खरं तर जड, पण जेलमधून जास्त वेगानं धावतं, म्हणून खाली दिसतं. नवशिके इथे हमखास उलटं वाचतात.

तेव्हापासून ऑटोफॅगोसोम मोजायला जगभर हाच पट्टा बघतात. कर्करोग असो, यकृत असो, वनस्पतिजन्य औषध असो, 'एलसी३-२ वाढलं' असं लिहिलं की एक सायटेशन इकडे येतं. ही पद्धतीची सायटेशन आहेत. संख्या प्रचंड, पण साईट करणाऱ्यातल्या बऱ्याच जणांना ओसुमींच्या मूळ प्रश्नाशी देणंघेणं नसतं.

नोबेलच्या यादीत तो का नाही याचं एक सरळ कारण लेखकांच्या क्रमात आहे. त्या पेपरचे शेवटचे लेखक तामोत्सु योशिमोरी, ओसुमी शेवटून दुसरे. जीवशास्त्रात लॅबप्रमुखाचं नाव शेवटी येतं. नोबेलच्या चारही पेपरांत शेवटचं नाव ओसुमींचं आहे.

आता जे चुकतं ते. 'एलसी३-२ वाढलं म्हणजे ऑटोफॅजी वाढली' हे वाक्य त्या पेपरच्या नावावर सर्रास खपवतात. एलसी३-२ दोन कारणांनी वाढतं: ऑटोफॅगोसोम जास्त बनले, किंवा बनलेले पचेनासे झाले. नळ जोरात सोडला तरी बादली भरते आणि तळाची बुचं बसवली तरी भरते. फरक करायला जेलवर चार लेन (शेजारी शेजारी चार नमुने) लागतात:

नुसत्या पेशी, पेशी आणि बॅफिलोमायसिन, औषध दिलेल्या पेशी, औषध आणि बॅफिलोमायसिन.

बॅफिलोमायसिन ए१ साधारण १०० नॅनोमोलर, २ ते ४ तास. त्यानं लयकारिकेची (सस्तन प्राण्यांच्या पेशीतल्या पचनाच्या पिशवीची) आम्लता जाते आणि पचन थांबतं. प्रवाह म्हणजे बॅफिलोमायसिनसह आणि त्याविना यांतला फरक. समजा नुसत्या पेशींत पट्टा १ वरून ४ झाला, फरक ३. औषधाच्या पेशींत ३ वरून ४, फरक १. बॅफिलोमायसिनविना बघणारा म्हणेल, औषधानं ऑटोफॅजी तिप्पट केली. खरं तर औषधानं पचन अडवलंय.

बारीकसारीक पण महत्त्वाचं:

जेलमधली प्रथिनं उतरवून घ्यायला पीव्हीडीएफ पडदा घ्या, छिद्र ०.२ मायक्रॉनचं. ०.४५ मधून एवढं छोटं प्रथिन पार निघून जाऊ शकतं.

जेल १२ ते १५ टक्के. रंगाची रेघ तळातून बाहेर जाऊ देऊ नका, एलसी३-२ तिच्या जवळच असतं.

नमुना पुन्हा पुन्हा गोठवून वितळवू नका. एलसी३-१ नाजूक आहे, तेच आधी जातं, आणि मग गुणोत्तर फुगतं.

म्हणूनच २ भागिले १ हे गुणोत्तर काढूच नये. प्रतिपिंडं दोन्ही रूपांना सारख्या ताकदीनं धरत नाहीत. एलसी३-२ ला ॲक्टिन किंवा ट्युब्युलिन या, सगळ्या नमुन्यांत साधारण सारख्या असणाऱ्या प्रथिनानं भागा.

सायटेशनच्या चर्चेत हे एवढ्यासाठी लिहिलं, की पेपर साईट झाला म्हणजे नीट वाचला गेला असं नव्हे.

---

ग्रंथसूची

आकडे कुठून घ्यायचे ते सांगते. या नावाच्या बाबतीत चार ठिकाणी गल्लत होते.

पहिली, आडनाव. ओसुमी हे रोमन लिपीत एच घालून आणि एच न घालता, दोन्ही तऱ्हांनी लिहितात. यांचे पेपर एचसह आहेत. शिवाय नेचरच्या दोन्ही पेपरांत 'वाय ओसुमी' आणि 'एम ओसुमी' अशी दोन नावं आहेत. एम म्हणजे मारिको ओसुमी, त्यांच्या पत्नी आणि सहसंशोधक. नुसत्या आडनावानं शोध घेतला तर दोघांचे पेपर एकत्र येतात. स्कोपस या सायटेशन-कोशातला लेखक-क्रमांक उघडा, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. संस्थांची यादी ताडा: टोकियो विद्यापीठ, ओकाझाकी, टोकियो तंत्रज्ञान संस्था (२०२४ नंतर नव्या नावानं). चौथीच संस्था दिसली तर तो पेपर उघडून पाहा.

दुसरी, जनुकांची नावं. २००३ पर्यंत ओसुमींचे म्युटंट एपीजी, श्टुटगार्टच्या गटाचे एयूटी आणि डॅनियल क्लायोन्स्की यांचे सीव्हीटी होते. एकच जनुक तीन नावांनी फिरत होतं. आजचं एटीजी८ म्हणजे तेव्हाचं एपीजी८, एयूटी७ आणि सीव्हीटी५. २००३ ला सगळ्यांनी मिळून एटीजी हे एकच नाव ठरवलं. नुसतं एटीजी शोधलं तर नव्वदच्या दशकातलं जवळपास सगळं काम निसटतं.

तिसरी, मार्गदर्शक लेख. ऑटोफॅजी मोजण्याच्या पद्धतींवर क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र येऊन काढलेली नियमावली २००८, २०१२, २०१६ आणि २०२१ ला आली. २०१६ च्या आवृत्तीत २,००० हून जास्त लेखक आहेत. नियमावली हजारो वेळा साईट होते आणि ती सगळी सायटेशन प्रत्येक लेखकाच्या खात्यात पूर्ण जमा होतात. ऑटोफॅजीतल्या कुठल्याही संशोधकाचा आकडा बघाल तेव्हा हे लेख आधी बाजूला काढा. काही जणांची एकूण बेरीज त्यानं निम्म्यावर येऊ शकते.

चौथी, आढावा-लेख. ते मूळ पेपरपेक्षा सहज जास्त साईट होतात, कारण प्रस्तावनेत एका ओळीत भागवता येतं. संशोधन-पेपर आणि आढावा-लेख हे दोन वेगळे तक्ते करा.

गूगल स्कॉलरचा आकडा नेहमी मोठा येतो, कारण त्यात प्रबंध, पुस्तकं, छापण्याआधीच्या प्रती सगळं धरलेलं असतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स ठरावीक जर्नल्स मोजतात. तिन्हींचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका.

---

पेशीजाल

एच-इंडेक्स द्यावा का? वाचकांना तो शब्द ऐकून माहीत असतो.

---

ग्रंथसूची

देऊ नये असं माझं ठाम मत आहे, आणि ओसुमींचं उदाहरण त्यासाठी उत्तम आहे.

होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये तो सुचवला. पेपर उतरत्या क्रमानं लावायचे. ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत तो एच. समजा ९०, ४०, १२, ६, ५, २ अशी सायटेशन असतील तर एच ५. आता पहिल्या पेपरला ९० ऐवजी ९,००० करा. एच ५ च. म्हणजे सगळं क्षेत्र उघडणारा पेपर आणि बऱ्यापैकी साईट झालेला पेपर यांत हा आकडा फरकच करत नाही. लेखकाचा क्रम पाहत नाही, आढावा आणि शोध यांत भेद करत नाही, आणि वयाबरोबर तो फक्त वाढतो.

एकेका पेपरसाठी आयसाइट वापरा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं साधन आहे, फुकट आहे. पेपरचे पबमेड क्रमांक चिकटवले की प्रत्येकासमोर सापेक्ष सायटेशन गुणोत्तर येतं. १ म्हणजे त्या संस्थेच्या अनुदानातल्या पेपरांचा मध्यक. २ म्हणजे दुप्पट. क्षेत्र ठरवताना ते जर्नल बघत नाही, त्या पेपरबरोबर एकाच यादीत कोणते पेपर साईट होतात ते बघतं. मर्यादा अशी की पबमेडबाहेरचं काही दिसत नाही, आणि वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या पेपरचा आकडा फार डोलतो.

---

सांख्यिक

सायटेशनवर एवढा अविश्वास नको. २०१३ मध्ये थॉमसन रॉयटर्सनं निव्वळ सायटेशनच्या विश्लेषणावरून नोबेलयोग्य नावं जाहीर केली, त्यात ऑटोफॅजीसाठी ओसुमी होते. तीन वर्षांनी नोबेल मिळालं. आकड्यांनी बरोबर सांगितलं ना?

---

किण्व

क्षेत्र बरोबर सांगितलं. पण त्या यादीत तिघं होते: ओसुमी, नोबोरू मिझुशिमा आणि क्लायोन्स्की. नोबेल तिघांत वाटता येतं, तरी समितीनं एकालाच दिलं. मिझुशिमा ओकाझाकीत ओसुमींच्या लॅबमध्येच होते, १९९८ च्या नेचर पेपरचे पहिले लेखक. त्याच पेपरच्या लेखकांत क्लायोन्स्कीही आहेत. सायटेशनच्या जाळ्यात हे तिघं एकमेकांशी इतके गुंतलेले आहेत की पहिलं दार कुणी उघडलं हे जाळ्यावरून उलगडत नाही. त्यासाठी १९९२ आणि १९९३ चे पेपर उघडून वाचावे लागतात.

आणि २०१३ हे म्युटंटनंतर वीस वर्षांनी. तोवर ओसुमींना २०१२ चा क्योटो पुरस्कार मिळून चुकला होता. आकडे तज्ज्ञांच्या मागून आले.

जर्नलबद्दलही बोलायला हवं. १५ जनुकांचा पेपर फेब्स लेटर्समध्ये आला. छोट्या, झटपट निवेदनांचं जर्नल. श्टुटगार्टच्या गटाचे म्युटंटही पुढच्या वर्षी तिथेच आले. आज कुठल्या निवड समितीसमोर इम्पॅक्ट फॅक्टरच्या (जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्या आकड्याच्या) उतरंडीनं अर्ज लावले तर हे दोन्ही पेपर खाली जातील.

हा त्रास पेशीशास्त्रज्ञांनीच आधी जाहीरपणे मांडला. २००७ मध्ये जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी आणि त्याच प्रकाशनगृहाच्या इतर जर्नल्सच्या संपादकांनी इम्पॅक्ट फॅक्टरमागची मूळ विदा विकत घेऊन ताळा करून पाहिला. प्रसिद्ध झालेले आकडे काही जुळेनात, आणि तसं त्यांनी संपादकीयात लिहिलं. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या अधिवेशनात संपादक-प्रकाशक बसले, त्यातून डोरा हा जाहीरनामा निघाला: माणसाचं किंवा पेपरचं मोल जर्नलच्या आकड्यावरून ठरवू नका. तुमच्या लेखात हा परिच्छेद नक्की घ्या. विषय पेशीशास्त्राच्या घरातलाच आहे.

---

जेल_लेन

१९९२ चा प्रयोग आजही पदव्युत्तर प्रात्यक्षिकात बसतो, म्हणून त्याचं माप इथे ठेवतो. लेखात चौकटीत घालता येईल.

माध्यम: अमिनो आम्लं आणि अमोनियम सल्फेट नसलेला यीस्ट नायट्रोजन बेस ०.१७ टक्के, ग्लुकोज २ टक्के. यीस्ट वाढीच्या मधल्या टप्प्यात असताना गोळा करा आणि दोनदा धुवा. धुण्यात कसूर झाली तर जुन्या माध्यमाचं नत्र उरतं, उपासमार सुरूच होत नाही आणि रिक्तिका रिकामी दिसते. विकरं नसलेला वाण मिळाला नाही तर साध्या वाणात पीएमएसएफ १ मिलिमोलर घाला. ते पाण्यात टिकत नाही, म्हणून साठा निर्जल अल्कोहोलमध्ये करून आयत्या वेळी घाला. विषारी आहे, हातमोजे लागतात. ३ ते ४ तासांनी १०० पटीच्या भिंगाखाली बघा. नत्र असलेल्या माध्यमातली एक बाटली शेजारी ठेवाच, नाहीतर रिक्तिकेतला दुसरा एखादा कण पाहून फसाल.

---

पेशीजाल

तक्त्याचा मसुदा असा केलाय. पाच पेपर. रकाने: वर्ष, जर्नल, ओसुमींचं लेखकांतलं स्थान, काय दाखवलं, नोबेलच्या यादीत आहे की नाही, सायटेशन. आढावा-लेख वेगळे, नियमावल्या वगळल्या, एच-इंडेक्स नाही. एम्बो जर्नलच्या ओळीत टीप: 'मुख्यतः पद्धतीसाठी साईट होतो, शेवटचे लेखक योशिमोरी'. चालेल?

---

ग्रंथसूची

चालेल. सायटेशनच्या रकान्याच्या डोक्यावर कोश कोणता आणि आकडा कोणत्या तारखेला पाहिला ते लिहा. पाचही आकडे एकाच दिवशी, एकाच कोशातून घ्या. १९९३ च्या पेपरला फक्त एकूण आकडा न देता २००३ पर्यंतचा आणि त्यानंतरचा असे दोन द्या. स्कोपसमध्ये साईट करणाऱ्या पेपरांची यादी उघडून वर्षाची चाळणी लावली की दोन्ही मिळतात.